गोदामातल्या आणि बागेतल्या

आमच्या कलकत्त्याच्या घरात ज्वारी दोन कामांसाठी यायची. बाबांच्या भाकरीसाठी आणि माझ्या अळ्यांसाठी. त्या शहरात ज्वारी म्हणजे अप्रूप. साताऱ्याकडून कुणी हावड्याला उतरणार असलं की आई कितीतरी आधीपासून निरोप धाडायची, आणि ती पिशवी फलाटावरून घरी येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. पुढे पुढे ज्वारी दोघांना पुरेना, तेव्हा बाबा पोळीवर आले आणि अळ्या ज्वारीवर राहिल्या. बाबांनी तक्रार केली नाही. फक्त एकदा पोळीचा तुकडा मोडताना म्हणाले, "पुढच्या जन्मी अळीच होऊन येतो आता." आम्ही सगळे हसलो. मीही हसले, पण ज्वारी अळ्यांनाच घातली. त्या वर्षांत घरात वावरताना मी सतत असंच करायचे.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मी शाळेत होते, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ज्या दिवसांबद्दल मी सांगते आहे तेव्हा, कीटकांवर संशोधन करत होते. मी बंगाली मुलींसारखी बंगाली बोलायचे. आईला मात्र भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतंच यायचं. शेजारणी प्रेमळ होत्या, पण प्रेमळ माणसांशी तरी रोज किती नुसतं हसणार? तिचं खरं बोलणं पत्रांतून चालायचं, साताऱ्याच्या मावशीशी. मावशी आईहून पुष्कळ मोठी. आई लहान असताना त्यांची आई गेली, तेव्हा तिची वेणीफणी करण्यापासून सगळं मावशीनेच केलेलं. आई तिला अक्का म्हणायची. आता अक्काचे डोळे जात चालले होते. मोतीबिंदू नव्हे, दुसरंच काहीतरी, ज्यावर इलाज नव्हता. तिची पत्रं शेजारचं कुणीतरी लिहून द्यायचं आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच मागणं असायचं. दिसतंय तोवर एकदा येऊन जा, तुझं तोंड बघायचंय.

आणि मी काय करत होते, तर चिलटाएवढ्या गांधीलमाश्या चिरडत होते.

तांदळात जाळी करणारी पांढुरकी अळी सगळ्यांनाच माहीत असते. ही इवलीशी माशी त्या अळीला शोधते, डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. अळी मरत नाही, नुसती पडून राहते. अंड्यांतून निघालेली पिल्लं तिला ताजी ताजी शोषून घेतात. आईने हे पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तेव्हा म्हणाली, "बाळंतविड्याची तयारी आधीच करून ठेवते की गं ही." तिला किळस येईल असं मला वाटलं होतं. जन्मभर तांदूळ चाळून ती ज्या अळ्या बाहेर टाकत आली, त्याच अळ्यांना आता ज्वारी भरडून घालत होती, आणि तेही कौतुकाने.

माझा प्रश्न साधा होता. हावड्याच्या धान्याच्या गोदामांत ही माशी सापडायची. तशीच दिसणारी माशी बजबजच्या पुढे नारळाच्या बागांत, झावळ्या खाणाऱ्या अळ्यांवर सापडायची. भिंगाखाली धरली तर दोघींत काडीचा फरक नाही. मग ही एकच जात की दोन? एकच असेल तर गोदामातली माशी वाढवून बागेत सोडता येईल आणि नारळ वाचतील. दोन असतील तर सगळी मेहनत पाण्यात. मी सियालदहहून लोकल पकडून बजबजला जायचे, झावळ्या गोळा करून आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी हावड्याच्या गोदामांत पोत्यांच्या शिवणी उचकटत बसायचे. हमाल मला विचारायचे, दिदी, काय हरवलं?

डोळ्यांना जो फरक दिसत नाही तो प्रथिनांत दिसतो, हे तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. त्यासाठी स्टार्च शिजवायचा, अगदी कुरडयांचा चीक शिजवतात तसा, आणि ट्रेमध्ये ओतून थिजू द्यायचा. त्या थिजलेल्या लादीला आम्ही थापा म्हणायचो. एकेक माशी पाण्याच्या थेंबात चिरडायची, ते पाणी कागदाच्या कपट्यावर टिपून थाप्याच्या चिरेत खोचायचं आणि विजेचा प्रवाह सोडायचा. माशीतली प्रथिनं थाप्यातून सरकत जातात. मग रंग दिला की जिथवर एखादं प्रथिन पोचलं असेल तिथे गडद रेघ उमटते. गोदामातल्या सगळ्या माश्यांची रेघ पुढे पोचायची, बागेतल्यांची मागे राहायची. दरवेळी. कुणा मादीत दोन्ही रेघा आल्या असत्या तर तिचे आईबाप दोन ठिकाणचे असं म्हणता आलं असतं, पण तशी एकही सापडत नव्हती. या माश्यांचं आणखी एक विचित्र आहे. मादीला नर भेटलाच नाही तरी तिला संतती होते, पण ते सगळे मुलगेच. मुली व्हायला मात्र बाप लागतो. आम्ही गोदामातल्या माद्या आणि बागेतले नर काचेच्या नळ्यांत एकत्र ठेवून पाहिले. सगळे मुलगेच झाले. म्हणजे यांचं एकमेकांशी जमत नाही. म्हणजे जाती दोन. माझे मार्गदर्शक सर खूश झाले, कारण त्यांना पहिल्यापासून हेच वाटत होतं. माझा प्रबंध जवळजवळ लिहून झाला.

त्याच सुमारास बाबांचा पुण्याला बदलीचा हुकूम आला.

आईला मी इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. तिने अक्काला लगेच पत्र लिहिलं, कुणालाही वाचून दाखवता येईल अशा मोठ्या अक्षरांत. शेजारणींना डबे, पाट, तुळशीची कुंडी वाटायला सुरुवात केली. पुणे ते सातारा म्हणजे काय, सकाळी निघालं की जेवायला अक्काकडे. माझे शेवटचे काही थापे झाले की आम्ही तिघंही निघणार असं ठरलं.

पण शहराचे ते दिवस बरे नव्हते. आज बंद, उद्या घेराव, परवा बॉम्ब. आमची प्रयोगशाळा बेमुदत बंद झाली. माश्या मरू द्यायच्या नसतील तर घरी आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नळ्या फार होत्या, म्हणून आईने लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या रिकाम्या केल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं. एकीत गोदामातल्या, दुसरीत बागेतल्या. बरण्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, चुलीच्या उबेला. आई त्यांना मधाचं बोट लावायची, लुळ्या अळ्या काढायची, नव्या घालायची. नराच्या मिशा लांब असतात हे मी तिला दाखवलं होतं, आणि नर कोण, मादी कोण हे ती माझ्याइतकंच ओळखायला लागली होती.

एकदा मी झावळ्या आणायला बजबजला गेले आणि तिथेच अडकले. लोकल बंद पडल्या. एका शाळामास्तरांच्या घरी मुक्काम करावा लागला. निघताना आईला बजावून गेले होते, "काहीही झालं तरी एकही बरणी संपू देऊ नकोस." याखेरीज काहीही सांगितलं नव्हतं.

प्रयोगशाळा उघडल्यावर मी शेवटचे थापे घातले. रंग दिला, आणि ज्या रेघा मला झोपेतही पाठ होत्या त्यांच्या जागी भलतंच उमटायला लागलं. गोदामाच्या बरणीतल्या कितीतरी माद्यांमध्ये दोन रेघा. पुढची आणि मागची, दोन्ही. नरांत मात्र एकच. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. आधी मला वाटलं माझाच हात चुकला, कपटे अदलाबदल झाले. मग घरी येऊन आईला विचारलं.

आई कणीक मळत होती. सहज म्हणाली, "हो, त्या डाव्या बरणीतले नर मेले होते ना सगळे. उकाडा काय कमी होता? नुसत्या बायाच उरल्या. मग त्या दुसऱ्या बरणीतले थोडे नर आणून सोडले. नाहीतर संपली असती की बरणी."

"आई!"

"काय झालं?"

"दुसऱ्या बरणीतले? अगं, त्या वेगळ्या आहेत! दोन वर्षं मी तेच तर करतेय, त्या वेगळ्या आहेत का ते बघतेय!"

"दिसायला तर सारख्याच होत्या," ती म्हणाली. कणकेचे हात तसेच वर धरलेले. "आणि एकट्या बायाबायांचं किती दिवस चालणार? तूच म्हणालीस संपू देऊ नकोस."

"नर नसते तरी त्यांना मुलगे झालेच असते! मी सांगितलं होतं तुला!"

सांगितलं होतं का? कधीतरी, जेवताना, अर्धवट. एका बरणीतलं दुसऱ्या बरणीत घालायचं नाही हे आम्हा संशोधकांत कुणी कुणाला सांगत नाही. मुळाक्षरांसारखं ते सगळ्यांना येतं असंच आम्ही धरून चालतो. मला आईलाही ते येतं असं वाटलं, कारण तिला नर-मादी ओळखता येत होते. मी खूप बोलले तिला. काय बोलले ते लिहीत नाही, पण त्यात "तुला काय कळतंय" होतं आणि "माझं वाटोळं केलंस" होतं. तेवढ्यात वीज गेली. आई अंधारात उभी होती आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी आणखी बोलले.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "घरातल्या बरणीतला घोटाळा आहे तो. ते थापे फेकून दे, प्रबंध देऊन टाक." त्यांचं म्हणणं तसं चूक नव्हतं. नळीतल्या प्रयोगावर प्रबंध उभा होता आणि लोणच्याच्या बरणीचा प्रयोग कुणी शास्त्र म्हणून मान्य केला नसता. पण त्या दोन रेघा काही पुसता येत नव्हत्या. मुली झाल्या होत्या. बाप भेटल्याशिवाय मुली होत नाहीत. नळीत ज्यांचं जमलं नाही त्यांचं आईच्या ऐसपैस, उबदार बरणीत जमलं होतं. म्हणजे जात एकच होती आणि माझा प्रबंध खोटा होता. खरं-खोटं करायचं तर सगळं पुन्हा, मोठ्या बरण्यांत, पिढ्यान्‌पिढ्या मोजत करायला हवं. म्हणजे आणखी एक वर्ष.

मी त्या दिवसांत स्वतःला खूप प्रामाणिक समजत होते. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यात प्रामाणिकपणा अर्धाच होता. उरलेली हाव होती. सरांनाही न दिसलेलं मला दिसलं होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. प्रबंध देऊन टाकला असता तर आई त्याच महिन्यात पुण्याला असती. हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी बाबांना सांगितलं की मला वर्ष हवंय.

बाबा काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "हे जातील. मी राहते हिच्याबरोबर."

"अगं पण अक्का?" बाबा म्हणाले.

"माझ्या हातून झालंय ते मीच निस्तरायला नको का?"

मी तिला समजावलं. म्हटलं, "आई, तू बिघडवलं नाहीस गं. उलट तुझ्यामुळे खरं कळलं. दोघी एकच आहेत हे तुझ्या बरणीनेच सांगितलं." थापा आणून दाखवला. तिने तो उजेडाकडे धरून पाहिला, दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मुलीत दोन्हीकडचं उतरतं, आणि मुलात नुसतं आईचं?"

"हो. बघ ना, किती स्वच्छ दिसतंय."

"दिसतंय," ती म्हणाली. मग थापा माझ्या हातात देत म्हणाली, "माझी समजूत घालू नकोस. त्या दिवशी तू उगीच का ओरडली असतीस?"

रागात बोललेलं तिने खरं मानलं आणि शांतपणे सांगितलेलं तिला सांत्वन वाटलं.

बाबा पुण्याला गेले, एक खोली घेऊन राहिले. आम्ही दोघी राहिलो. भवानीपूरला एक मराठी कुटुंब होतं, दोन पिढ्यांपासून तिथलंच, शिक्षकी पेशातलं. त्यांना कळलं तेव्हा त्या काकू मुद्दाम घरी आल्या. "मुलीला आमच्याकडे राहू द्या, तुम्ही खुशाल जा. आमच्या मुली बंगालीत भांडतात, हिच्यामुळे जरा मराठी ऐकू येईल." आई म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकघरात अळ्या वाढवणार का ही?" काकू हसल्या, आईही हसली, चहा झाला आणि विषय तिथेच संपला. मी तिथेच बसले होते. प्रयोगशाळा तोवर बरी चालू होती, बरण्या तिथे नेता आल्या असत्या. हे मी म्हणू शकले असते. पण भरडलेली ज्वारी, वेळेवर मिळणारा गरम भात, मी थापे घालत असताना घरच्या बरण्यांवर असलेली तिची नजर, हे सगळं मला हवं होतं. मी चहाचे कप उचलून आत गेले. त्या काकू जाईपर्यंत बाहेर आले नाही.

त्या वर्षात आईने बरण्या जशा सांभाळल्या तसं कुणी सोवळं सांभाळत नसेल. एका बरणीचं काम झालं की हात साबणाने धुवायची, पदर बदलून खोचायची आणि मगच दुसरी. फडकी वेगळी, मधाच्या वाट्या वेगळ्या. मी घरात नसताना एखाद्या बरणीत काही मेलेलं दिसलं तर ती बरणी उघडायचीच नाही, मी येईपर्यंत दारात वाट बघत राहायची. "उघडू का?" असं ती मला विचारायची. माझी आई, जिने मला फणी कशी धरायची ते शिकवलं, ती मला विचारायची. "उघड ना आई, विचारतेस काय," असं मी म्हणायचे आणि तिथून सरकायचे. तिच्यासमोर फार वेळ उभं राहवत नसे.

मध्ये एकदा दिवाळीला जाऊन ये म्हणून मी म्हटलं. तेव्हा अळ्या नेमक्या निघायच्या होत्या. "आता कुठे जाऊ?" ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. अक्काच्या पत्रांतलं मागणं हळूहळू बदलत गेलं. आधी माणसांच्या नुसत्या सावल्या दिसतात म्हणाली, मग खिडकीतला उजेड तेवढा कळतो. एका पत्रात ते मागणंच नव्हतं. आईने ते पत्र पुन्हा पुन्हा पाहिलं, पाठीमागूनही पाहिलं, आणि घडी घालून ठेवून दिलं.

माझं काम उत्तम झालं. मुलींना मुली झाल्या, नातींनाही झाल्या आणि रेघा हिशेबात जशा यायला हव्यात तशा आल्या. जात एकच होती. सर मोकळ्या मनाचे, त्यांनी मान्य केलं, पाठ थोपटली. नळीऐवजी मोठं पात्र घेण्याची कल्पना मला सुचली याचं त्यांना फार कौतुक वाटलं. प्रबंधात मी लिहिलं की कीटक मोठ्या काचपात्रात एकत्र ठेवण्यात आले. कुणी ठेवले ते त्या भाषेत लिहायची पद्धतच नाही. पद्धत नव्हती हे माझ्या पथ्यावरच पडलं.

मग आम्ही निघालो. पुण्यात सामान टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी मी आणि आई साताऱ्याला गेलो.

अक्का ओटीवर बसली होती. गाडीवाल्याचा आवाज ऐकून उठून उभी राहिली आणि आमच्या थोडं बाजूला बघत हसली. आई धावतच गेली. अक्काने दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, हनुवटी, सावकाश, पुन्हा पुन्हा. "वाळलीस गं," ती म्हणाली. "की तशीच आहेस? मला काय कळतंय आता."

आईला रडू आवरेना. म्हणाली, "अक्का, मला उशीर झाला. माझ्या हातून मोठी चूक झाली होती. हिचं सगळं काम बिघडवलं मी. मग ते निस्तरून येईपर्यंत वर्ष गेलं."

मी बॅग हातात धरून पायरीवर उभी होते. आता सांगायला हवं होतं. चूक तिची नव्हती, बिघडलं काही नव्हतं, ते वर्ष मला हवं होतं म्हणून गेलं. हे सगळं माझ्या तोंडात होतं.

अक्काने मी कुठे असेन याचा अंदाज घेत मान वळवली. "पोरी," ती म्हणाली, "मुद्दाम नाही गं केलं तिने. रागावू नकोस हो माझ्या बहिणीवर."

"नाही रागावले, मावशी," मी म्हटलं.

आईने पदराने डोळे पुसले आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ, मोकळेपणी पाहिलं. तिला वाटलं, मी तिला माफ केलं.